टॉवेलच्या शेडमधली रुई ओढायचा सायक्लोन : कामाच्या नोंदी

१९ जानेवारी

संक्रांत झाली, सिद्धेश्वराची गड्डा जत्रा अजून चालूय पण शेडमधले माग परत सुरू झालेत, म्हणून आजपासून लिहून ठेवायला घेतोय. काम असं आहे की मामांच्या टॉवेलच्या शेडसाठी रुई आणि धूळ ओढणारं मशीन बनवायचं, सायक्लोनवालं, म्हणजे हवा उभ्या डब्यात गोल फिरवून धूळ भिंतीकडं फेकायची आणि खाली पाडायची. शेड सोलापूरच्या पूर्व भागात, साधे धोट्याचे माग, माल सगळा टेरी, म्हणजे टॉवेलचं फंदेवालं कापड. टेरीत पाईलचा म्हणजे फंद्यांचा धागा ढिला सोडतात आणि त्याला पीळ पण कमी, त्यामुळं साध्या कापडापेक्षा रुई जास्त सुटते आणि ती मागाखाली, मोटरवर, बीमच्या फ्लँजवर, वर ट्यूबलाईटच्या पट्टीवर, जिथं जागा मिळंल तिथं बसते.

आत्ताची पद्धत म्हणजे कॉम्प्रेसरची नळी घ्यायची आणि हवा मारायची. माग लगेच चकाचक दिसतो. पण रुई गेली कुठं, तर वर गेली, आणि थोड्या वेळानं शेजारच्या मागावर येऊन बसली. जाड रुई तरी बसते, बारीक धूळ तर तासनतास हवेतच राहते आणि तिथं उभी असलेली माणसं ती ओढून घेतात.

हा प्रश्न फार जुना आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं एका अमेरिकन मशीनचं प्रात्यक्षिक बघितलं, ते मशीन हवा मारून धूळ उडवायचं. बूथनं विचारलं की उडवण्यापेक्षा ओढून का घेत नाही, तर बनवणारा म्हणाला ते जमणारच नाही. मग बूथनं हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, तोंड लावून हवा ओढली आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग बघितला. तिथनं व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला. आपण पॉवरलूममध्ये अजून बूथच्या आधीच्या मशीनवर आहोत, आणि मला हे बदलायचंय.

२५ जानेवारी

मामा म्हणाले तयार मशीन का आणत नाहीस. ओळखीच्या एकाकडनं वेट-ड्राय व्हॅक्यूम आणून मागाखाली फिरवलं. सुरुवातीला ओढ जबरदस्त, मग हळूहळू आवाज बारीक आणि कर्कश होत गेला आणि नळीच्या तोंडाशी ओढच राहिली नाही. बऱ्याच जणांना वाटतं आवाज चढला म्हणजे मोटरवर लोड आला, पण असतं उलटं. हवा जायची थांबली की पंख्याला हलवायला काही उरत नाही, लोड उतरतो आणि मोटर जास्त फेऱ्यांनी पळते. वर हीच हवा मोटरला थंड पण करत असते, म्हणजे गुदमरलेलं मशीन तसंच चालू ठेवलं तर मोटर तापणार. उघडून बघितलं तर फिल्टरवर पांढऱ्या रुईचा नमदा बसलेला, हातानं सोलून निघाला.

जेम्स डायसनला १९७८ साली हेच खटकलं होतं. पिशवीची छिद्रं बुजली की मशीनची ओढ मरते, पिशवी भरलेली नसली तरी. त्यानं लाकडाच्या मिलवर भुसा वेगळा करणारा मोठा सायक्लोन बघितला आणि तो लहान करून घरातल्या मशीनमध्ये घालायला घेतला, त्यात पाच वर्षं आणि ५,१२७ नमुने गेले. त्याच्या स्वतःच्या कंपनीचं डीसी०१ आलं ते १९९३ मध्ये. पण सायक्लोन त्याचा शोध नाही, अमेरिकेत जॉन फिंचला धूळ गोळा करणाऱ्या सायक्लोनचं पेटंट १८८५ मध्येच मिळालेलं होतं. म्हणजे कारखान्यातली वस्तू घरात गेली, मी ती परत कारखान्यात आणतोय, फक्त भुशाऐवजी रुई. आणि भुसा वेगळा, रुई वेगळी, हे डोक्यात ठेवून काम करायचंय.

१ फेब्रुवारी

मापं काढली. सायक्लोनसाठी लॅपल नावाच्या इंजिनिअरची ठरलेली प्रमाणं घेतली, त्यात सगळं सायक्लोनच्या व्यासावर अवलंबून असतं. व्यास ३०० मिमी धरला तर हवा आत यायचं तोंड १५० बाय ७५, वरनं हवा बाहेर जायचा पाईप १५० चा, सरळ सिलिंडर ६०० आणि त्याखाली कोन ६०० लांब, कोनचं खालचं तोंड ७५.

तोंडाशी हवेचा वेग १६ मीटर/सेकंद ठेवला तर सेकंदाला ०.१८ घनमीटर हवा जाते, तासाला साधारण ६५० घनमीटर. सायक्लोनमध्ये दाब किती खाल्ला जाईल त्याचा हिशोब ११०० पास्कलच्या आसपास येतो, म्हणजे पाण्याचे ११० मिमी.

आता मुख्य आकडा. ज्या मापाचे निम्मे कण पकडले जातात आणि निम्मे निसटतात ते माप कापसाच्या घनतेला साधारण ३.८ मायक्रॉन येतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅपलच्या हिशोबानं १० मायक्रॉनचे कण ८७ टक्के पकडले जातील, पण २ मायक्रॉनचे फक्त २२ टक्के. हे मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलंय. कारण डबा भरलेला बघून सगळे खूश होतात, डब्यात दिसते ती जाड रुई, आणि छातीत जातं ते डब्यात न आलेलं. या कामाचा निकाल बाहेर पडणाऱ्या हवेवर लावायचा, डब्याच्या वजनावर नाही.

८ फेब्रुवारी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडं सायक्लोन वळायला टाकला. १८ गेजचा पत्रा. काकांनी आयुष्यभर राईस मिलचे आणि पिठाच्या गिरणीचे सायक्लोन केलेत, त्यांना ड्रॉईंग फार समजवावं लागलं नाही, पण तीन गोष्टींवर मी हटून बसलो. एक, आतल्या बाजूनं वेल्डिंगची शिवण ग्राइंडरनं घासून गुळगुळीत पाहिजे, कारण भिंतीला घासत खाली उतरणारी धूळ शिवणीवर आपटली की उडून परत मधल्या हवेत जाते आणि वर निघून जाते. दोन, वरचा मधला पाईप बरोबर मध्यात पाहिजे आणि तो आत यायच्या तोंडाच्या खालपर्यंत उतरला पाहिजे, नाहीतर आत आलेली हवा गोल न फिरता सरळ वरनं पळते. तीन, आत येणारी हवा सिलिंडरच्या भिंतीला चिकटून शिरली पाहिजे, म्हणून त्या तोंडाच्या आधी पाईप सरळ हवा, लगेच एल्बो नको.

काका म्हणाले, "गिरणीवाले असलं काय बघत नाहीत, पीठ पडलं की झालं." मी म्हणलं काका, गिरणीत पीठ पडतंय ते विकायचंय, इथं जे पडणार नाही त्याची काळजी आहे. त्यांना पटलं आणि शिवण त्यांनी स्वतः बसून घासली, पोराला दिली नाही.

१५ फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये जोडणी. ब्लोअर म्हणजे हवा ओढणारा पंखा ३ एचपी, २८५० फेऱ्या, सायक्लोनच्या पुढं म्हणजे स्वच्छ बाजूला, म्हणजे सगळं मशीन ओढीवर चालतं. दाब मोजायला गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप फळीवर यू आकारात ठोकली आणि पाण्यात थोडं कुंकू टाकलं, लांबनं पण वाचता येतं, हाच आपला मॅनोमीटर.

खाली डबा म्हणून निळा प्लॅस्टिकचा ड्रम ठेवायचा विचार होता. हिशोब केला तर शेडमध्ये लावायच्या दोन्ही नळ्या बंद झाल्यावर ब्लोअर ३४०० पास्कलच्या आसपास ओढतो, ड्रमचं झाकण ५७ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे बाहेरची हवा त्या झाकणावर जवळजवळ ९० किलोचं वजन ठेवते. प्लॅस्टिक आत बसणार हे नक्की, म्हणून लोखंडी बॅरल घेतलं.

चाचणीला बारीक रांगोळी घेतली, वजन करून आत सोडायची आणि बॅरलमध्ये किती आली ते वजन करायचं. पीठ मुद्दाम घेतलं नाही, हवेत उडालेलं पीठ पेटतं. एक गोष्ट बघायला मिळाली जी पुस्तकात वाचलेली होती पण डोळ्यानं बघितली की वेगळंच वाटतं. रांगोळी आत जायला लागली की मॅनोमीटरचा आकडा चढायच्या ऐवजी उतरतो. भिंतीवर धूळ घासल्यामुळं आतल्या हवेची फिरकी जरा मंदावते आणि फिरकीतच सगळा दाब खर्च होत असतो, म्हणून धुळीचा सायक्लोन रिकाम्या सायक्लोनपेक्षा कमी दाब खातो. फिल्टरचं याच्या बरोबर उलटं.

मग गळतीची चाचणी. बॅरलच्या झाकणाचे क्लँप घट्ट असताना बाहेर जाणाऱ्या हवेसमोर धरलेलं काळं कापड जवळजवळ कोरं. मुद्दाम एक क्लँप सैल केला, बोटाच्या नखाएवढी फट, आणि काळं कापड बघता बघता पांढरं. सायक्लोनच्या मधल्या भागात खालपर्यंत ओढ असते, त्यामुळं खालनं फट मिळाली की बाहेरची हवा कोनातनं सरळ वर उसळते आणि खाली पडलेली धूळ उचलून घेऊन जाते. झाकणाला सायकलच्या ट्यूबचं गॅस्केट केलं, उदबत्ती फिरवून धूर कुठं आत ओढला जातोय ते सगळ्या जोडांवर बघितलं. उदबत्ती फक्त वर्कशॉपमध्ये, शेडमध्ये रुई असताना असलं काही पेटवायचं नाही.

ओढ कमी वाटली की लोक मोठी मोटर लावायला निघतात. त्याच्या आधी पाच रुपयाची ट्यूब लावून बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ फेब्रुवारी

मशीन शेडमध्ये आणलं, सुट्टीच्या दिवशी. वर ११० मिमीचा पीव्हीसी पाईप, त्याला दोन ठिकाणी ७५ मिमीच्या लवचिक नळ्या, म्हणजे दोघं एकदम साफ करू शकतात. रुईसाठी पाईपमध्ये वेग निदान साडेबारा ते पंधरा मीटर/सेकंद पाहिजे, नाहीतर ती तळाला बसते, आपल्याकडं २० च्या वर आहे.

पहिले दोन माग सुंदर साफ झाले. मग ओढ तीच पण बॅरलमध्ये काही पडायचा आवाज नाही. कोन खोलला तर आत रुईची दोरी. खरंच दोरी, मनगटाएवढी जाड, कांडीवर सूत भरावं तशी गोल गोल वळलेली, ७५ मिमीच्या तोंडावर आडवी बसलेली आणि तिच्यावर पुढची रुई साठत चाललेली. कापसाचा तंतू २५-३० मिमी लांब असतो, हजारो तंतू एका दिशेनं फिरत एकत्र आले की त्यांचा पीळ बसतो, सायक्लोन म्हणजे इथं सूत काढायचं यंत्रच होऊन बसतं. लॅपलची मापं धुळीसाठी आहेत, कण सुटे असतील तर. रुई सुटी राहत नाही.

जॉबर, म्हणजे माग जुळवणारे मिस्त्री, तिथंच उभे होते, म्हणाले, "हे काय करलालास बे, फुकटात दोरखंड?" आणि मग स्वतःच कोनात हात घालून ती दोरी ओढून काढली आणि मला दाखवलं की तिचं एक टोक वेल्डिंगच्या एका बारीक टोचणीला अडकलेलं होतं, तिथनं सुरुवात झालेली. तेवढी जागा घासून घेतली. पण नुसतं त्यानं भागणार नाही, तंतू सायक्लोनच्या आधीच थांबवायला पाहिजेत.

५ मार्च

सायक्लोनच्या आधी जाळीची पेटी बसवली. मोठ्या मिलमध्ये हेच काम फिरणारे जाळीचे ड्रम करतात, आपल्याला तेवढ्याची गरज नाही. पेटीत ६०० बाय ६०० मिमीची स्टीलची बारीक जाळी, तिरकी. सेकंदाला ०.१८ घनमीटर हवा ०.३६ चौरस मीटर जाळीतनं जाते म्हणजे जाळीशी वेग अर्धा मीटर/सेकंद, पाईपमधला वेग जाळीवर येईपर्यंत चाळीसपटीनं उतरतो. हे महत्त्वाचं आहे. वेग जास्त असला तर तंतू जाळीच्या भोकात टोचले जातात आणि निघत नाहीत, वेग कमी असला की रुई जाळीवर नुसती अंथरली जाते. थर जाड झाला, मॅनोमीटर ३० मिमी चढला, की ब्लोअर बंद करायचा, थर स्वतःच्या वजनानं सुटून खाली पेटीत पडतो, राहिला तर हातानं गुंडाळून काढायचा.

फायदा असा की जाळीवरची रुई तेल न लागलेली, स्वच्छ निघते आणि वेस्टवाला तिला वेगळा भाव देतो. मामांना मशीनमधलं हे सगळ्यात आवडलं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, ज्याचा पैसा लागतोय त्याला काहीतरी परत मिळालं पाहिजे.

कोनचं खालचं तोंड पण बदललं. ७५ चं ११२ केलं, स्टेअरमंड म्हणून दुसऱ्या एकाची सायक्लोनची प्रमाणं आहेत, त्यात ते व्यासाच्या ०.३७५ पट असतं, लॅपलच्या पाव पटीपेक्षा मोठं. जाळीतनं चुकून गेलेले तंतू आता अडकत नाहीत, सरळ पडतात.

पेटीच्या तोंडाशी जुन्या स्पीकरमधले दोन चुंबक लावले. ड्रॉपरच्या पिना, खिळे, रीडची तुटलेली तार, मागाखाली हे सगळं सापडतं आणि वीस मीटरच्या वेगानं पत्र्यावर आपटलं तर ठिणगी पडू शकते.

१२ मार्च

आता उन्हाळा लागला, हवा कोरडी. पीव्हीसी पाईपला बाहेरनं रुई चिकटायला लागली आणि हात लावला की चटका बसतो. आत रुई घासत जाते, पाईपवर वीज साठते, प्लॅस्टिकमधनं ती जमिनीत जात नाही. पूर्ण पाईपभर उघडी तांब्याची तार वेटोळी घालून गुंडाळली, प्रत्येक जोडावर आणि नळीच्या आतल्या स्प्रिंगला जोडली, पेटी, सायक्लोन, बॅरल, ब्लोअर सगळं एका अर्थिंगला. पाईप पूर्ण लोखंडी केला असता तर जास्त बरं, पुढच्या शेडला तसंच करायचं.

अर्थिंगच्या खर्चावर मामांशी थोडी वादावादी झाली. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणं गेली, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. त्या आगीचं कारण काय यावर मी बोलणार नाही. पण आपल्या शेडमध्ये मोटरवर आणि वायरिंगवर रुईचा थर बसलेला असतो, आग कुठल्याही कारणानं लागली तरी तो थर तिला पळायला वाट करून देतो, आणि हे मशीन त्या थरासाठीच आहे. मामा गप्प झाले, मग म्हणाले, "अर्थिंगचा खड्डा नवीनच घे, जुन्यावर टाकू नको."

नियम ठरला : बॅरल आणि पेटी रोज संध्याकाळी रिकामी, रात्री शेडमध्ये भरलेली ठेवायची नाही. ओढलेल्या रुईत एखादी ठिणगी असेल तर ती लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

२४ मार्च

ब्लोअर कॅटलॉगपेक्षा कमी दाब दाखवतोय म्हणून काकांनी इम्पेलर म्हणजे ब्लोअरचं फिरणारं चाक बदलायला काढला होता. थांबवलं. कॅटलॉगमधले आकडे १.२ किलो प्रति घनमीटर घनतेच्या हवेसाठी असतात, २० डिग्री आणि समुद्रसपाटी. आपण साडेचारशे मीटरच्या वर बसलोय आणि दुपारी शेडमध्ये ४० डिग्री, तिथं हवेची घनता १.०७ च्या आसपास येते, म्हणजे दाब अकरा टक्के कमी दिसणारच. ब्लोअर ठणठणीत आहे, सोलापूरची हवाच विरळ आहे.

मग व्हीएफडी (मोटरच्या फेऱ्या कमी-जास्त करायचं यंत्र) लावला, आणि त्याचे आकडे लिहून ठेवण्यासारखे आहेत. पंख्याचा नियम असा की हवा फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गात, पॉवर घनात. ५० हर्ट्झचं ४० केलं की हवा ८० टक्के, पण पॉवर ५१ टक्क्यांवर येते, जवळजवळ निम्मी. मग सायक्लोन किती बिघडतो? निम्मे-निम्मे माप ३.८ मायक्रॉनवरनं ४.२ वर जातं, बास. कारण ते वेगाच्या वर्गमुळावर अवलंबून आहे. वरच्या पाईपमध्ये वेग १७ च्या आसपास राहतो, रुईला पुरेसा. म्हणजे निम्म्या विजेत जवळजवळ तेच काम, बिल मामांना दाखवायला सोपं. उलट्या बाजूनं बघितलं तर अजून महत्त्वाचं, दुप्पट मोटर लावून सायक्लोनचं काम फारसं सुधारत नाही. जाहिरातीत वॅटचे आकडे मोठे मोठे लिहितात, त्यावरनं मशीन धूळ किती पकडतं ते कळत नाही.

नळीवर गेट म्हणजे बंद करायच्या झडपा पण लावलेत. एक नळी बंद केली की क्लँप मीटरवर करंट उतरताना दिसतो. जॉबर आता करंट बघूनच सांगतात कुठंतरी तुंबलंय म्हणून.

२ एप्रिल

बाहेर पडणाऱ्या हवेचं काय करायचं, हा प्रश्न मी जानेवारीपासून मनात धरून आहे.

एक विचार होता की सायक्लोनची हवा भिंतीतनं बाहेर सोडून द्यायची. पण आपली शेडं काही लांब माळावर नाहीत, घराला घर लागून आहेत, आणि आत्ता एप्रिलमध्ये शेजारच्या गच्चीवर कुरडया-पापडाचं वाळवण पडलंय. तिथं आपली धूळ पाठवायची हे बरोबर नाही, आणि वाळवण नसतं तरी बरोबर नव्हतं. शिवाय तासाला ५००-६०० घनमीटर हवा बाहेर टाकली तर तेवढीच कोरडी तापलेली हवा बाहेरनं आत येते, सूत कोरडं पडतं आणि धागा तुटायला लागतो. म्हणून हवा आतच परत सोडायची, पण गाळून.

सायक्लोन लहान केला तर बारीक धूळ जास्त पकडतो. १५० मिमीच्या व्यासाला, वेग तोच ठेवून, ते माप २.७ मायक्रॉनवर येतं, पण एकातनं हवा चौथाईच जाते म्हणून चार शेजारी-शेजारी लावावे लागतात. घरातल्या नव्या मशीनमध्ये वर जे छोट्या कोनांचं झुंबर दिसतं ते यासाठीच असतं. मी कागदावर काढून बघितलं आणि सोडलं. छोट्या सायक्लोनची तोंडं ७५ बाय ३७ मिमी होतात, जाळीतनं सुटलेले चार तंतू तिथं अडकले की एक तुंबणार, मग हवा उरलेल्या तिघांतनं जाणार, आणि चौथा बंद पडलाय हे बाहेरनं कळणार पण नाही. रुईच्या कामाला एकच मोठा सायक्लोन आणि पुढं कापडी पिशव्या, हे मला बरोबर वाटतं.

पिशव्यांचा हिशोब : मिनिटाला १०.८ घनमीटर हवा, कापडातनं वेग मिनिटाला दीड मीटर धरला तर ७.२ चौरस मीटर कापड लागतं. १५० मिमी व्यासाची दीड मीटर लांब पिशवी ०.७ चौरस मीटरची, म्हणजे साधारण दहा पिशव्या. पॉलिएस्टरचं नीडल फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं जाड कापड.

मामांनी विचारलं, "पिशवी नको म्हणून सायक्लोन केलास ना, आता दहा पिशव्या?" प्रश्न एकदम बरोबर आहे. घरातल्या मशीनची पिशवी बुजते कारण कापड थोडं आणि त्यातनं हवा प्रचंड वेगानं, सगळी धूळ पण तिच्यावरच. इथं जाड रुई जाळीत राहिली, मधली धूळ सायक्लोननं घेतली, पिशवीपर्यंत फक्त शेवटचं बारीक येतं आणि कापड भरपूर आहे. अशा पिशवीवर धुळीचा पातळ थर बसतो तो फायद्याचाच, खरी गाळणी तो थरच करतो, कोरी नवीन पिशवी वापरलेल्या पिशवीपेक्षा वाईट गाळते. म्हणून झटकायची ती पिशव्यांवरचा दाब मॅनोमीटरवर १०० मिमीला गेला की, आणि पार धुऊन काढायची नाही.

११ एप्रिल

पिशव्या बसल्या. हवेतली बारीक धूळ मोजणारा लेझरचा साधा पीएम सेन्सर आणलाय. हा सेन्सर तंतूंवर फसतो, त्यामुळं आकडा खरा म्हणून लिहिणार नाही, फक्त तुलना. कॉम्प्रेसरनं हवा मारताना काटा थेट वरच्या टोकाला जाऊन थांबला आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पूर्ण खाली आला नाही. आपल्या मशीननं तोच माग साफ करताना जो चढला तो माग चालू असताना असतो त्यापेक्षा फार वेगळा नव्हता. पिशवीच्या बाहेरच्या हवेत शेडच्या हवेपेक्षा कमी. काळं कापड दुपारभर टांगलेलं होतं, काळंच राहिलं.

अमेरिकेत ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवली, सूत काढायच्या विभागात घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम, विणकामात ७५०, आठ तासांची सरासरी. ती मोजायचं यंत्र मोठे तंतू बाजूला ठेवून बारीकच मोजतं, म्हणजे त्यांनी पण डबा नाही, छाती बघितली. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते ही त्याची ओळख. विणकामात तो पिंजण-कताईपेक्षा कमी दिसतो, पण कांडी भरणाऱ्या मावशींनी आज आपणहून सांगितलं की सुट्टीनंतरच्या दिवशी दम लागतो. त्यांना डॉक्टरांकडं घेऊन जायचं मामांनी कबूल केलंय, छातीची फुंकायची तपासणी करून घ्यायची. मशीन बसलं म्हणून हे पुढं ढकलायचं नाही.

१९ एप्रिल

नळीच्या तोंडावर काम. मावशी म्हणाल्या, "ओढतंय चांगलं, पण खाली वाकायला होत नाही बाबा, बीमच्या मागं हात जात नाही." पीव्हीसी पाईप गरम करून चपटा केला, तोंड १५० बाय ३० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ७५ च्या नळीएवढंच राहिलं आणि वेग कुठं तुटला नाही. मागं सव्वा मीटरचा दांडा. उभ्यानं मागाच्या खालपर्यंत जातंय. कडेला घोड्याच्या केसाचा ब्रश लावलाय, तेलाला चिकटलेली रुई नुसत्या हवेनं निघत नाही, आधी खरवडावी लागते.

कॉम्प्रेसरची नळी अजून शेडमध्ये आहे. जॉबर म्हणतात धोट्याच्या पेटीत आणि पिकरच्या मागं हवा मारल्याशिवाय चालणार नाही आणि त्यांचं म्हणणं खरं आहे, तिथं आपलं तोंड पोचत नाही. तोडगा असा काढला की एका हातात हवेची नळी आणि दुसऱ्या हातात आपली ओढणारी नळी त्याच जागेच्या पलीकडं धरायची, आणि कॉम्प्रेसरचा दाब २ बारवर उतरवून ठेवायचा. आज करून बघितलं, जमतंय.

मामांच्या ओळखीचे दोन कारखानदार बघून गेले. दोघांचा पहिला प्रश्न किती एचपी. त्यांना मी बॅरल उघडून दाखवलं नाही, काळं कापड दाखवलं.

राहिलेलं : पीव्हीसी काढून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, जाळीच्या पेटीला बाहेरनं बघायला काच, पिशव्या झटकायला बाहेरनं दांडा म्हणजे पेटी उघडावी लागणार नाही, आणि मॅनोमीटरवर ३० आणि १०० ला लाल रंगाच्या रेघा. रेघा उद्याच मारतो, जीआयचं कोटेशन काकांकडनं बुधवारपर्यंत येईल.